विटांचं मशिन, गुलाबी पत्रक आणि एकशे अठरावा दिवस

कौसाबाई आणि तिच्या बचत गटातल्या आणखी नऊ बाया. गाव घाटनांदूरच्या पुढं, डांबरी सोडून आत चार किलोमीटर. त्यांचे एक लाख ऐंशी हजार रुपये दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता बुडाले. खरं तर बुडाले होते त्याच्या आधीच. त्यांना कळलं साडेदहाला, परळीत, एका बंद शटरसमोर.

मी तिथं साडेअकराला पोहोचले. माझं काम तेच आहे. मी एका ग्राहक संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. जिल्ह्यात कुणाचं बियाणं उगवलं नाही, कुणाचा फ्रिज वॉरंटीत बंद पडला, कुणाचा ॲडव्हान्स घेऊन दुकानदार पळाला, की फोन मला येतो. मी निवेदन लिहिते, पत्रक काढते, माणसं गोळा करते. वकिलीची पदवी आहे, सनद घेतलेली नाही. तेव्हा वय सव्वीस होतं आणि लिहिलेलं पत्रक छापायच्या आधी दुसऱ्या कुणाला दाखवायची सवय नव्हती.

आधी व्यवहार सांगते. परळीला वीज केंद्राची राख निघते. त्या राखेत सिमेंट आणि कच कालवून विटा पाडतात. पुण्याच्या एका कंपनीनं विटा पाडायचं लहान मशिन काढलं आणि ते विकायला परळीत शोरूम टाकलं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. मशिन साडेचार लाखाचं. एक लाख ऐंशी हजार आधी भरायचे, पोळ्याला मशिन दारात, बाकीचे हप्त्यानं. कौसाबाईच्या गटानं अक्षय तृतीयेला पैसे भरले. नव्वद हजार गटाची बचत, नव्वद हजार बँकेचं कर्ज. पावती रीतसर, पैसे खात्यातून खात्यात. मग गावाबाहेर मशिनसाठी सिमेंटचा ओटा घातला, त्यावर पत्र्याचं शेड मारलं. पत्रे उधारीवर आणले.

गटातल्या सहा जणी ऊसतोडीला जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. उचल म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ. एकदा ती घेतली की दिवाळीनंतर सहा महिने फडात, उसाच्या शेतात. त्या वर्षी कौसाबाईनं मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा. सून मंगल घरी राहणार होती. नात पहिलीत बसणार होती. हे सगळं त्या मशिनवर उभं होतं, आणि मशिन आलं नाही तर निदान पैसे तरी दसऱ्याच्या आत परत यायला हवे होते.

शटरला दोन कुलपं होती आणि मधोमध एक कागद चिकटवलेला होता. वर इंग्रजी, खाली मराठी.

"ताई, ह्या कागदात काय लिवलंय?" कौसाबाईनं विचारलं.

मी मराठी भाग वाचला. कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आहे. अमुक यांची नेमणूक झाली आहे. सर्व धनकोंनी आपले दावे पुराव्यासह अमुक तारखेपर्यंत सादर करावेत. खाली पत्ता, ईमेल, फोन.

मोठ्यानं वाचताना मी दिवाळखोरी या शब्दापाशी थांबले.

"कंपनीनं दिवाळं काढलंय," मी म्हणाले.

"मंग आता?"

"आता बघू कसं काढतात ते."

हे उत्तर मी त्या दिवशी चार वेळा दिलं. खालची तारीख एकदाही मोठ्यानं वाचली नाही. मग बायांना शटरसमोर उभं केलं, मुठी वर करायला लावल्या आणि मोबाईलवर फोटो काढला. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. चांगला आला होता.

शोरूमच्या पायरीवर बसून मी आमच्या अध्यक्षांना फोन लावला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तीस वर्षं चळवळीत, चार वेळा जेलात.

"अण्णा, दावा भरा म्हणतायत."

"कुणाकडं?"

"कंपनीवर एक माणूस नेमलाय. त्याच्याकडं."

"त्यांचं दिवाळं, त्यांचाच माणूस, आन् फॉर्म तू भरणार? फॉर्म भरला की दिवाळखोरी मान्य केली. उद्या तुपली सही तुपल्याच तोंडावर मारतील."

मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. पत्रकाला लागतं तसं वाक्य होतं ते. दुपारी अंबाजोगाईला जाऊन मी प्रेसमध्ये मजकूर दिला. गुलाबी कागद, एक हजार प्रती. वर ठळक अक्षरात: दिवाळखोरी त्यांची, पैसा आमचा. एकही फॉर्म भरू नका.

आता तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना ठाऊक नसेल.

कंपनी बुडते तेव्हा कुणीतरी, बहुतेक वेळा बँक किंवा माल पुरवणारा, मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जातो. कंपन्यांचं कोर्ट म्हणा. त्यानं अर्ज मंजूर केला की मालकाच्या हातातून कंपनी जाते. एक अधिकृत परवानाधारक माणूस नेमला जातो. त्याला रिझोल्यूशन प्रोफेशनल, थोडक्यात आरपी म्हणतात. कंपनीच्या किल्ल्या, हिशेब, बँक खातं सगळं त्याच्या ताब्यात. हा मालकाचा माणूस नसतो. याच्या नेमणुकीनं मालकच घरी बसलेला असतो. आरपीचं पहिलं काम म्हणजे कंपनी कुणाकुणाचं देणं लागते त्याची यादी करणं. त्या यादीत येण्यासाठी जो अर्ज भरायचा त्याला दावा म्हणतात, ऑफिसात सगळे क्लेम म्हणतात. धनको म्हणजे फक्त बँका असं मी समजले होते. धनको म्हणजे कंपनी ज्याचं देणं लागते तो कुणीही. कौसाबाईही.

फॉर्म फुकट आहे. वकील लागत नाही. ईमेलनं जातो.

आणि आम्ही एक हजार कागद छापून सांगत होतो की तो भरू नका.

पोळा झाला. गणपती बसले. आमचं आंदोलन जोरात होतं. तहसीलला निवेदन, एसपी ऑफिसला निवेदन, बीडला कलेक्टरला निवेदन, परळीत एक दिवस धरणं. आमच्या कामात प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती असतात. एक त्यांना, दुसरीवर त्यांचा शिक्का आणि सही घेऊन आपल्याला. तिला पोच म्हणतात. पोच हातात पडली की बायांच्या चेहऱ्यावर दिसतं. सरकारचा शिक्का असलेला कागद हातात आला म्हणजे काहीतरी झालं. मलाही तसंच वाटायचं. पोलिसांनी संचालकांवर गुन्हा नोंदवला तेव्हा तर आम्ही पेढे वाटले. गुन्हा वेगळा चालतो आणि त्यातून कुणाच्या खात्यात पैसे येतीलच असं नाही, हे पेढे वाटताना कुणी बोललं नाही.

परळीच्या धरण्याला सलीमभाई आले होते. विटा-वाळूचे व्यापारी, पन्नाशीचे. त्यांनी दोन मशिनं बुक केली होती, तीन लाख साठ हजार अडकले होते. ते मांडवात बसले नाहीत. कडेला उभे राहिले आणि माझं भाषण संपल्यावर जवळ आले.

"ताई, म्या फॉर्म भरला."

"कसला?"

"शटरवरचा. आमच्या सीएनं भरून दिला. तुमी बी या बायांचा भरा. तारीख चाललीय निघून."

"सलीमभाई, इथं सगळे एकजुटीनं बसलेत आणि तुम्ही आतून हातमिळवणी केली?"

"हातमिळवणी कशाची? पैसे मागितले."

"त्यांच्या पद्धतीनं मागितले."

त्यांनी मांडवात बसलेल्या बायांकडं बघितलं. मग म्हणाले, "लई शिकलेल्या हाव तुमी. मला तेवढं कळत न्हाई." आणि निघून गेले.

मी माईक घेऊन म्हणाले की आपल्यात काही गद्दार आहेत. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती, सगळ्यांनी त्यांच्या पाठीकडं बघितलं. टाळ्या पडल्या.

दसऱ्याच्या आत पैसे आले नाहीत. मुकादम कौसाबाईच्या दारात आला तेव्हा मी तिथंच होते.

"काय मालकीणबाई, कारखाना कवा चालू व्हायचा?" त्यानं ओट्याकडं बघत विचारलं.

"तू उचल किती देतोस ते सांग," कौसाबाई म्हणाली.

"आता उशीर झालाय. टोळ्या भरल्या. इतरांना दिली तेवढी न्हाई भेटायची."

"ते म्हाईतच हाय. आकडा बोल."

त्यानं आकडा सांगितला. कौसाबाईनं उचल घेतली. सहाच्या सहा जणींनी घेतली. दिवाळी झाली आणि ट्रक आला. भांडी, पत्रे, कोयते, शेळी. मंगल चढली, नात चढली. कौसाबाई सगळ्यात शेवटी चढली, गुडघ्यावर हात दाबत.

"पैसे आले की फोन कर," ती मला म्हणाली. "फडात रेंज नसती. मुकादमाच्या फोनवर कर."

"करते."

"आपली पोच हाय ना सगळी नीट?"

"सगळी आहे."

नवरात्रात मी बीडच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली होती. सुनावणीची तारीख डिसेंबरात लागली. आयोगानं फाईल बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं की कंपनीवर मोरॅटोरियम आहे. म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असेपर्यंत त्या कंपनीवर कुठलीही केस पुढं चालत नाही. सगळ्या थांबतात. ज्याला काही मागायचंय त्यानं आरपीकडं मागायचं.

बाहेर व्हरांड्यात एक म्हातारे वकील बसले होते. दुसऱ्या केससाठी आलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"क्लेम टाकला का?" त्यांनी विचारलं.

"आम्ही प्रक्रियाच मान्य करत नाही."

"बरं. पाऊस पण मान्य करू नका. क्लेम टाकला का?"

मी फाईल बंद केली.

"आजच फोन लावा," ते म्हणाले.

मी व्हरांड्यातच फोटो उघडला, तोच पेपरातला, आणि मोठा करून बायांच्या डोक्यांमधून दिसणाऱ्या कागदावरचा नंबर वाचला. तिथून आरपीला फोन लावला. माणूस मराठी बोलणारा होता. आवाज चढवत नव्हता.

"तुमचा दावा माझ्याकडं आलेला नाही, मॅडम."

"आम्ही कलेक्टरना निवेदन दिलंय. एसपींना दिलंय. तहसीलला दिलंय. सगळ्यांची पोच आहे."

"कंपनी कलेक्टर चालवत नाहीत. मी चालवतोय."

"आता पाठवते. आज पाठवते."

"तारीख गेली. उशिराचे दावे मी प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत घेऊ शकतो. तेही गेले."

"आज कितवा दिवस आहे?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "एकशे अठरावा."

"अठ्ठावीस दिवसांनी काय फरक पडतो? कष्टकरी बाया आहेत. ऊस तोडतात."

"मला फरक पडत नाही, मॅडम. कायद्याला पडतो. न्यायाधिकरणात अर्ज करा. उशीर का झाला ते सांगा. त्यांनी माफ केला तर मी दावा तपासतो. मग माझी हरकत नसेल." मग म्हणाला, "परळीचे बाकीचे बारा जण वेळेत आलेत. तुम्ही कशा राहिलात?"

मी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ऑफिसात अण्णांसमोर बसले.

"अण्णा, चुकलं."

"काय चुकलं?"

"फॉर्म भरायचा होता. तारीख गेली."

अण्णा चष्मा पुसत राहिले. "चळवळीत चुकतं. पुढचं बघ."

"पुढचं काय बघू? बाया फडात आहेत."

"आपली भूमिका तत्त्वाची होती."

"तत्त्वाचे हप्ते बँक घेते का?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चार वेळा जेलात गेलेला माणूस. त्यांना दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण पत्रकाखाली नाव माझं होतं.

बीडमधल्या एका ओळखीच्या वकिलानं फी न घेता अर्ज करायचं कबूल केलं. त्यानं सांगितलं, उशिराचं कारण पटायला हवं, जे जे आहे ते दे. मी सगळं दिलं. अकरा पोची. नऊ कात्रणं. शटरसमोरचा फोटो. गुलाबी पत्रक. आमच्या कामात जाड फाईल म्हणजे खरी बाजू. कलेक्टरसमोर, पत्रकारांसमोर हे चालतं. फाईल टेबलावर आपटली की समोरचा खुर्चीत सरळ बसतो. या बाया पहिल्या दिवसापासून लढतायत, झोपल्या नव्हत्या, हे मला दाखवायचं होतं. मी पानांना नंबर घातले, अनुक्रमणिका केली. एकशे चार पानं झाली. वकिलाकडं त्या आठवड्यात तीन जामीन अर्ज होते. त्यानं अर्जाची पहिली पंधरा पानं नीट वाचली. जोडपत्रं माझ्यावर सोडली.

सुनावणी फेब्रुवारीत लागली. मुंबईला जावं लागत नाही, व्हिडिओवर होते. कौसाबाईला मी मुकादमाच्या फोनवर कळवलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. दोन दिवसांचा खाडा सोसून आली. खाडा म्हणजे फडातला चुकवलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापतात. बीडच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते आणि पिशवीत माझ्यासाठी गुळाची ढेप.

वकिलाच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर आम्ही तिघं बसलो. दीड तास दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. कौसाबाई स्क्रीनकडं बघत ताठ बसली होती. पदर डोक्यावर.

आमचा नंबर आला. आमचा वकील बोलला. अशिक्षित बाया, ग्रामीण भाग, स्थलांतर, प्रक्रिया माहीत नव्हती, म्हणून उशीर माफ करावा. एक मिनिट.

मग आरपीचा वकील बोलला. इंग्रजीत. त्यानं नवीन काहीच आणलं नव्हतं. तो म्हणाला, अर्जदारांच्याच फाईलचं पान बेचाळीस बघावं. पान बेचाळीस म्हणजे शटरसमोरचा फोटो. दोन बायांच्या डोक्यांच्या मधून नोटीस दिसत होती. मोठा केला तर तारीख वाचता येत होती. फोटोखाली कात्रणातच छापलं होतं: दिवाळखोरीच्या नोटिशीसमोर संतप्त महिला. मग तो म्हणाला, पान सत्तेचाळीस. गुलाबी पत्रक. त्यानं ओळ मराठीत वाचली, अडखळत. एकही फॉर्म भरू नका. मग इंग्रजीत अर्थ सांगितला.

न्यायाधिकरणाच्या साहेबांनी पान उलटलं. आमच्या वकिलाला विचारलं, म्हणजे अर्जदारांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

"साहेब, महिला निरक्षर आहेत," आमचा वकील म्हणाला.

"पत्रक लिहिणारी व्यक्ती साक्षर दिसते," साहेब म्हणाले.

आमच्या वकिलानं माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपच्या कडेला बसले होते, कॅमेऱ्यात येत नव्हते.

अर्ज फेटाळला. पुढचा नंबर पुकारला. सगळं मिळून चार मिनिटं.

कौसाबाईला इंग्रजी येत नाही. तिनं मला विचारलं, "काय म्हणले?"

"नाही म्हणाले."

"कावून?"

"म्हणाले, तुम्हाला माहीत होतं. माहीत असून फॉर्म भरला नाही."

"आमाला कुठं म्हाईत होतं?"

वकील उठून पाणी प्यायला गेला. मला वाटतं मुद्दाम गेला.

"मला होतं," मी म्हणाले. "शटरवर लिहिलेलं होतं. तारीख पण होती. मी वाचली होती."

"मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, फॉर्म भरला तर आपण त्यांचं मान्य केलं असं होईल."

"तुला वाटलं."

"हो."

तिनं पदर नीट केला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलायची सवय आहे. तिनं विचारलं, "फडाकडं जाणारी गाडी कितीला हाय?"

"चारला."

"चल मंग. दोन दिवस पडले ते पडले. तिसरा खाडा नको."

स्टँडवर मी तिचं तिकीट काढायला पैसे पुढं केले. तिनं ते घेतले, मोजले आणि कमरेला खोचले.

"घेते," ती म्हणाली. "तुझ्याकडून एवढंच निघंल."

गुळाची ढेप तिनं परत नेली नाही. मी ती अजून फोडलेली नाही.

पुढचं थोडक्यात. कंपनी दुसऱ्या एका कंपनीनं विकत घेतली. अशा खरेदीत कुणाला किती द्यायचं याचा एक आराखडा ठरतो आणि न्यायाधिकरण तो मंजूर करतं. आधी बँका, मग बाकीचे. आराखडा मंजूर झाला की यादीत नसलेलं प्रत्येक देणं संपतं. माफ झालं म्हणा किंवा पुसलं म्हणा, मागायला जागाच उरत नाही. कंपनी आता नव्या नावानं, नव्या मालकाकडं तीच मशिनं विकते. तिचा आणि कौसाबाईचा कायद्यानं काही संबंध नाही. म्हणून मी नाव लिहिलं नाही. लिहिलं तर नोटीस मला येईल.

सलीमभाईंना गेल्या दिवाळीत पैसे मिळाले. रुपयाला चौदा पैसे. तीन लाख साठ हजारांचे पन्नास हजार चारशे. हे काही न्याय झाला म्हणून सांगत नाही. उरलेले शहाऐंशी पैसे कुणी खाल्ले त्याच्यावर मी आणखी एक लेख लिहीन, आणि त्यात बँकांना सोडणार नाही. पण चौदा पैसे चौदा पैसे आहेत. आमच्या दहा बायांचे पंचवीस हजार दोनशे झाले असते.

मी सलीमभाईंच्या वखारीवर माफी मागायला गेले. त्यांनी खुर्ची दिली.

"गद्दाराचा चहा चालंल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

"साखर?"

"नको."

"का? राग माझ्यावरचा हाय का साखरंवरचा?"

मी चहा प्यायले. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढू शकले नाही. निघताना ते म्हणाले, "ताई, माईकवर बोलला होता ते माईकवरच मागं घ्या. हितं दोघातिघांत माफी घेऊन मी काय करू?"

पुढच्या सभेत घेतलं. टाळ्या पडल्या नाहीत.

कौसाबाईला पंचवीस हजाराचा आकडा मीच सांगितला. लपवणं पुन्हा जमलं नसतं. ती म्हणाली, "शेडाचे पत्रे तरी फिटले असते." पत्र्यांची उधारी अजून आहे. बँकेचा हप्ता अजून आहे, तो दहा जणींच्या वाट्याला येतो. ओट्यावर गावातले लोक मिरच्या वाळवतात. नातीचं नाव शाळेच्या हजेरीत आहे, नात गेले दोन हंगाम फडात आहे. यंदाही मुकादमानं उचल दिली आणि कौसाबाईनं घेतली. यंदा वेळेवर घेतली.

अण्णांशी माझं बोलणं आहे. संघटनेत मी आहे. मोर्चा काढायचा नाही असं मी शिकले नाही. त्या पोलीस गुन्ह्याच्या मागं मी आजही लागलेली आहे आणि पुढच्या महिन्यात परळीत पुन्हा बसणार आहे. पण आता माझ्या टेबलावर माणूस आला की मी आधी एकच विचारते: दावा टाकला का, कधी, कुणाकडं, दाखवा. लोकांना वाटतं बाई मवाळ झाली. वाटू दे.

त्या एक हजार पत्रकांपैकी मी आतापर्यंत दोनशे बासष्ट परत गोळा केलीत. गावोगाव जाऊन. काही टपऱ्यांवर भज्यांखाली सापडली, काही घरांत पावतीच्या सोबत जपून ठेवलेली होती. ती जपून ठेवलेली बघवत नाहीत.

आता तुमच्याकडं येते. तुम्ही एखाद्या कंपनीला ॲडव्हान्स दिलाय, बुकिंग केलंय, ठेव ठेवलीय, फी भरलीय, आणि तिच्या दाराला कुलूप दिसलं, तर कुलपाकडं बघत बसू नका. कागद लावलेला असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कागद नसेल तर दिवाळखोरीच्या सरकारी वेबसाईटवर कंपनीचं नाव टाकून बघा, येत नसेल तर सेतू केंद्रातल्या पोराला बघायला लावा. तारीख सापडली की पेटी उघडा, पावती काढा, पासबुकाची झेरॉक्स मारा, फॉर्म भरा आणि पाठवा. उद्या नाही. तुमच्या गावातल्या ज्या बाया ट्रकमध्ये बसून फडावर जाणार आहेत त्यांच्या सह्या ट्रक सुटायच्या आधी घ्या.

मग आरपीकडून आलेली दाव्याची पोच घेऊन माझ्याकडं या. कलेक्टर-तहसीलची नको, तसल्या माझ्याकडं अकरा आहेत. आरपीची आणा. ती दाखवा, मी तुम्हाला मोर्च्यात पहिल्या ओळीत उभं करते आणि तुमच्या शेजारी उभी राहते. ती नसेल तर घोषणा द्यायला येऊ नका. आधी घरी जा आणि फॉर्म भरा.